पसंतीचा नंबर हवाय? मग आधी डीलरला थांबवा: आकर्षक क्रमांक घेण्याची पूर्ण पद्धत

आकर्षक क्रमांकाचे पैसे भरले आणि गाडीला भलताच नंबर पडला, ही तक्रार नवी नाही. बहुतेक वेळा चूक आरटीओची नसते, एजंटचीही नसते. क्रम चुकलेला असतो. आधी नंबर राखून ठेवायचा, मग टॅक्स भरायचा, मग पासिंग आणि सगळ्यात शेवटी प्लेट. यातली एक पायरी पुढे-मागे झाली की पैसे जातात, नंबरही जातो. खालची पद्धत महाराष्ट्रातल्या नव्या गाड्यांसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट: नंबर मिळतो, अक्षरांची नक्षी मिळत नाही

इंग्रजी आकड्यांत ८०५५ लिहिलं की थोडी ओढाताण करून ‘बॉस’ वाचता येतं. मराठीत २१४ लिहिताना दोनाचा र केला, एकाचा काना केला आणि चाराला म-सारखा वळवला की ‘राम’ होतो. ४१४१चा ‘दादा’ तर गावोगाव दिसतो. हे नंबर घेण्यात बेकायदा काही नाही. बेकायदा आहे ते त्यांना वळवून रंगवणं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले नियम ५० आणि ५१ सांगतात की नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत, ठरलेल्या मापातच हवा. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवूनच येते. तिचे आकडे साच्यातून उठवलेले असतात. म्हणजे तुमचा ८०५५ हा ८०५५ असाच दिसणार आणि ०२१४मधलं पहिलं शून्यही छापलं जाणार.

शून्याचं हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ‘७’ नंबर घेतला तरी पाटीवर ०००७ येतं. ‘आम्हाला नुसता ७ दिसायला हवा’ असं असेल तर पैसे इथेच वाचवा.

टप्पा १: एक नंबर ठरवू नका, चार ठरवा

कागदावर पसंतीच्या क्रमाने चार नंबर लिहा. पहिलाच मिळेल या भरवशावर गेलेला माणूस ऐनवेळी काउंटरवर किंवा पोर्टलसमोर घाईत काहीतरी निवडतो, आणि एकदा राखलेला नंबर बदलून मिळत नाही.

बेरीज पाहून नंबर घेणाऱ्यांसाठी: बेरीज फक्त चार आकड्यांची धरायची की आरटीओ कोड आणि मालिकेसह (म्हणजे चार आकड्यांआधीच्या अक्षरांसह) पूर्ण क्रमांकाची, हे ज्याला विचारायचं त्याला आधीच विचारा. पैसे भरल्यावर घरात यावरून वाद झाला तर उपयोग नाही. बेरीज ९ हवी म्हणून सगळे ०००९ आणि ९९९९वर तुटून पडतात. पण ०००१ ते ९९९९ या एका मालिकेत ज्यांची बेरीज शेवटी ९ येते असे १,१११ नंबर असतात. ३४४७चीही ९ येते, ४५७२चीही ९च. यातल्या बहुतेकांना कोणी विचारत नाही.

वाढदिवसाचा नंबर हवा असेल तर दिवस-महिना लिहून पाहा. २५ मेसाठी २५०५. तो मिळाला नाही तर सालासह दुसरा पर्याय तयार ठेवा.

मालिकेची अक्षरं मात्र मागून मिळत नाहीत. ज्या वेळी जी मालिका चालू असेल तीच. त्यातही इंग्रजी ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरं एक आणि शून्याशी गोंधळ होतो म्हणून मालिकांत वापरतच नाहीत. त्यामुळे ‘ओएम’ अशी मालिका येईल म्हणून कोणी थांबून राहिलं असेल तर ती येणार नाही.

बीएच मालिकेत (राज्याराज्यांत बदली होणाऱ्यांसाठीची, देशभर चालणारी नोंदणी) गाडी घेणार असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे क्रमांक संगणकच काढून देतो.

टप्पा २: शुल्क किती, ते आधी पाहा

ऑगस्ट २०२४च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातले दर वाढले. जुने दर अजूनही मोबाइलवर फिरत असतात, त्यांच्यावर जाऊ नका. चारचाकीसाठी ०००१चे ५ लाख रुपये. मुंबई शहर व उपनगर, पुणे, ठाणे, रायगड, नाशिक, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे तेच ६ लाख. दुचाकीला ०००१साठी १ लाख. ०००९, ००९९, ०७८६, ०९९९ आणि ९९९९ या पाच नंबरांना चारचाकीसाठी अडीच लाख आणि दुचाकी-तीनचाकीसाठी ५० हजार. त्याखाली उतरत्या पायऱ्या आहेत. ००११, ००२२, ०२०२, ४२४२, ५६५६ अशा १८९ नंबरांच्या गटाला चारचाकीसाठी २५ हजार आणि दुचाकी-तीनचाकीसाठी ६ हजार.

आता खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारी बाब. चारचाकीच्या चालू मालिकेत तुमचा नंबर गेलेला आहे आणि दुचाकीची नवी मालिका उघडतेय. तिच्यातून चारचाकीला नंबर मिळू शकतो, पण तिप्पट शुल्क भरून. पुण्या-मुंबईत ०००१चे ६ लाख असतील तर या मार्गाने १८ लाख. २५ हजारांचा नंबर ७५ हजारांना पडतो. घाई नसेल तर चारचाकीची पुढची मालिका येईपर्यंत थांबणं हे आमच्या मते शहाणपणाचं.

> तपासा: हे शुल्क रोड टॅक्स, नोंदणी शुल्क आणि विमा यांच्याहून वेगळं आहे. डीलरच्या ‘ऑन रोड’ कोटेशनमध्ये ते धरलेलं नसतं.

टप्पा ३: डीलरला लेखी कळवा

नवी मालिका कुठे उघडतेय हे पाहण्याआधी हे काम करा. सगळ्यात जास्त नंबर इथे हातचे जातात.

पूर्ण बांधणीच्या नव्या गाड्यांची नोंदणी आता डीलरच्या संगणकावरूनच होते. गाडीची माहिती भरली, कर भरला की प्रणाली पुढचा मोकळा नंबर देऊन टाकते. शोरूममधल्या माणसाला महिनाअखेरीस गाड्या काढायच्या असतात. तुम्ही सेल्सच्या मुलाला तोंडी सांगितलेलं असतं, टॅक्स भरणारा दुसराच कोणी असतो. संध्याकाळी मेसेज येतो, ‘अभिनंदन, आपला वाहन क्रमांक...’ आणि तो नंबर मग आयुष्यभराचा.

म्हणून बुकिंगच्या दिवशीच दोन ओळी लिहून द्या आणि ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवरही पाठवा: ‘या गाडीसाठी आकर्षक क्रमांक घ्यायचा आहे. क्रमांक राखल्याची पावती मी देईपर्यंत नोंदणीसाठी कर भरू नये.’ बुकिंग फॉर्मवरही हेच लिहून घ्या. गाडीचं पासिंग बघणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन मागून घ्या, कारण कळ त्याच्या हातात असते.

याच वेळी नाव पक्कं करा. नंबर ज्याच्या नावावर राखला, नोंदणीचा फॉर्म २० त्याच नावाने हवा. नंबर वडिलांच्या नावावर, कर्ज मुलाच्या नावावर आणि बिल सुनेच्या नावावर असा प्रकार झाला की पुढे सगळं अडकतं. २०२४च्या बदलाने पती-पत्नी, मुलगा, मुलगी या जवळच्या नात्यात आकर्षक क्रमांक हस्तांतरित करायला मुभा दिली आहे. पण ती सोय आहे, घोटाळ्यातून सुटण्याची पळवाट नाही. पॅन, आधार, विमा आणि बिल यांवरचं स्पेलिंगही एकसारखं असू द्या.

टप्पा ४: मालिका चालू आहे की नवी उघडतेय?

तुमचा मार्ग यावर ठरतो. मालिका आधीच उघडली असेल आणि हवा तो नंबर शिल्लक असेल तर घरबसल्या ऑनलाइन काम होतं. नवी मालिका उघडणार असेल तर आरटीओची जाहीर सूचना वाचा. ती कार्यालयाच्या फलकावर लागते आणि स्थानिक वर्तमानपत्रांत बातमी येते. दुचाकीच्या मालिका मोठ्या शहरांत भराभर संपतात, चारचाकीच्या सावकाश. डीलरकडच्या पासिंगवाल्याला ‘सध्या नंबर कितीपर्यंत आलाय?’ असं विचारलं तरी अंदाज येतो. नऊ हजारांच्या पुढे गेला असेल तर नवी मालिका दाराशी आली समजा.

टप्पा ५: चालू मालिकेतला नंबर, ऑनलाइन

२५ नोव्हेंबर २०२४पासून ही सोय राज्यातल्या आरटीओंसाठी सुरू आहे. पत्ता: फॅन्सी डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन. शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असाच हवा. शोधयंत्रात वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नका.

१. मोबाइल आणि ईमेल देऊन नोंदणी करा. दोन्हींवर ओटीपी येतो. मोबाइल आधारला जोडलेलाच वापरा आणि तो मालकाचा असू द्या, एजंटचा नको.

२. राज्य, मग कार्यालय निवडा. पुणे १२ आणि पिंपरी-चिंचवड १४, ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३ आणि बोरिवली ४७. शहर एक असलं तरी कार्यालयं वेगळी आहेत. भलत्या कार्यालयातला नंबर तुमच्या गाडीला लागत नाही.

३. वाहनाचा प्रकार निवडा. दुचाकीऐवजी चारचाकी टिचकलं गेलं की शुल्क बदलतं. तिथेच लक्षात येईल, पण रक्कम वाचून पाहिली तर.

४. शिल्लक क्रमांकांच्या यादीतून नंबर निवडा. त्याच्यासमोर दिसणारी रक्कम टप्पा २मधल्या दराशी ताडून पाहा.

५. पैसे भरा. खात्याची दिवसाची ऑनलाइन मर्यादा आदल्या दिवशीच वाढवून घ्या. एक लाखाची मर्यादा असलेल्या खात्यातून अडीच लाख जात नाहीत, आणि तोवर नंबर दुसरा कोणी उचलतो.

६. ई-पावती डाउनलोड करा, छापा, डीलरला द्या.

> सावधान: पैसे खात्यातून गेले पण पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक टिपून ठेवा आणि पोर्टलवर त्या व्यवहाराची स्थिती तपासा. दोनदा भरलेले पैसे परत मिळवणं हे नंबर मिळवण्यापेक्षा जास्त दमवणारं काम आहे.

टप्पा ६: नवी मालिका, डीडी आणि बंद पाकीट

इथे जरा थांबून वाचा.

दुचाकीची नवी मालिका उघडते तेव्हा पुण्यासारख्या कार्यालयाच्या सूचनेत साधारण असा क्रम असतो. पहिल्या दिवशी, ठरलेल्या तासांत, तिप्पट शुल्क भरू इच्छिणाऱ्या चारचाकीवाल्यांचे अर्ज, सोबत मूळ शुल्काचा डीडी (डिमांड ड्राफ्ट). दुसऱ्या दिवशी सकाळी, एका नंबरला एकाहून जास्त अर्ज आले असतील तर त्यांची यादी फलकावर. त्या अर्जदारांनी दुपारच्या ठरल्या वेळेपर्यंत जादा रकमेचा डीडी बंद पाकिटात द्यायचा आणि संध्याकाळकडे पाकिटं सगळ्यांसमोर उघडायची. ज्याची जादा रक्कम मोठी, नंबर त्याचा. दुचाकीवाल्यांचे अर्ज याच दुसऱ्या दिवशी सुरू होतात आणि त्यांची यादी व लिलाव त्याच्या पुढच्या दिवशी. वेळा तुमच्या कार्यालयाच्या सूचनेतूनच घ्या. पाच मिनिटं उशीर झाला तर खिडकी बंद.

अर्जासोबत काय: मूळ शुल्काचा डीडी, पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, पॅन कार्ड, या सगळ्यांच्या साक्षांकित प्रती. स्वतः जाणार नसाल तर प्राधिकारपत्र आणि जाणाऱ्याचं ओळखपत्र.

डीडीच्या चुका वेगळ्याच.

नाव सूचनेत छापलंय तसंच हवं. ‘आर.टी.ओ. पुणे’ असं छापलं असेल तर तेच. बँकेतल्या बाईंनी ‘प्रादेशिक परिवहन अधिकारी’ असं पूर्ण रूप टंकलं तरी खटका येऊ शकतो. डीडी राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेचा आणि सूचनेत सांगितलेल्या शहरात वटणारा हवा. पतसंस्थेचा चालत नाही. रक्कम ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर रोख देऊन डीडी मिळत नाही, खात्यातूनच काढावा लागतो. सप्टेंबर २०१८पासून डीडीवर काढणाऱ्याचं नाव छापलं जातं. म्हणून मेव्हण्याच्या खात्यातून काढण्याआधी काउंटरवर विचारून घ्या. मुदत तीन महिन्यांची.

जादा रकमेच्या डीडीची गोम अशी की यादी सकाळी लागते आणि पाकीट दुपारी टाकायचं असतं. मध्ये जेमतेम चार-पाच तास. त्यात बँकेची रांग, जेवणाची सुट्टी, ‘सिस्टिम डाऊन’. जाणते लोक आदल्या दिवशीच वेगवेगळ्या रकमांचे दोन-तीन डीडी काढून ठेवतात, समजा ११,५०० आणि २१,५०० आणि ३५,५००. यादी पाहायची, समोर किती जण आहेत ते पाहायचं, आणि त्यातला एकच पाकिटात घालायचा. दोन डीडी एकत्र घातले तर बाद होण्याची भीती. उरलेले रद्द करायला बँक किरकोळ आकार घेते, तो सोसावा. रकमेचा आकडा गोल ठेवू नका. बहुतेक जण २१,००० लिहितात. तिथे २१,५०० वरचढ ठरतात.

पाकिटावर नंबर, अर्जदाराचं नाव आणि मोबाइल लिहा. डीडीच्या मागे पेन्सिलने तेच. डीडीची दोन्ही बाजूंची झेरॉक्स घरी ठेवा. लिलावात हरलात तर डीडी परत मिळतात, ते त्याच दिवशी सही करून ताब्यात घ्या. नंतर नेऊ म्हणणाऱ्यांचे डीडी फायलींत महिनाभर फिरतात.

> तपासा: जिंकल्यावर मिळालेल्या पावतीवर चार गोष्टी वाचा. नाव, मालिका, चार आकडे आणि नोंदणी करण्याची शेवटची तारीख. त्या तारखेआधी गाडीचं पासिंग झालं नाही तर क्रमांक आपोआप रद्द होतो आणि शुल्क सरकारजमा. गाडीला वेटिंग असेल तर डीलरकडून डिलिव्हरीची तारीख लेखी घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

टप्पा ७: पासिंग

आता डीलरला हिरवा झेंडा. पावतीची प्रत द्या आणि पासिंगवाल्याला राखीव क्रमांक निवडून दाखवायला सांगा. कर भरण्याचं बटण दाबण्याआधी पडद्यावर तुमचाच नंबर आहे ना, याचा फोटो मागा. यात भिडस्तपणा करू नका. चॅसिस आणि इंजिन नंबर बिलावरून, विम्यावरून आणि प्रत्यक्ष गाडीवरून ताडून घ्या. इथला एक अंक चुकला की पाटीही चुकीच्या नोंदीवर निघते.

नंबर यायला उशीर आणि गाडी हवीच, अशी वेळ आली तर तात्पुरती नोंदणी मागा. नोंदणीशिवाय, अगदी तात्पुरतीही नसताना, डीलरने गाडी ताब्यात द्यायची नसते. दिली तर दंड रस्त्यावर तुम्ही भरणार, तो नाही.

टप्पा ८: पाटी बसताना समोर उभे राहा

पाटी एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची. डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा २० गुणिले २० मिलिमीटरचा क्रोमियम होलोग्राम, खाली निळ्यात ‘आयएनडी’ आणि लेझरने कोरलेला क्रमांक. पुढच्या आणि मागच्या पाटीवरचे हे लेझर क्रमांक वेगवेगळे असतात. दोन्ही फोनमध्ये टिपून ठेवा. कारची पाटी ५०० गुणिले १२० किंवा ३४० गुणिले २०० मिलिमीटर, दुचाकीची मागची २०० गुणिले १००. कारवरच्या अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि मधली फट १०. काचेवर आतून लागणारा रंगीत स्टिकर हाही पाटीचाच भाग: डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिका निळा.

बोट फिरवून पाहा. आकडे उठावदार लागले पाहिजेत. तिरक्या प्रकाशात आकड्यांवर ‘इंडिया’ हे बारीक अक्षरांत दिसतं. पाटी गाडीला जखडणारे स्नॅप लॉक एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून बंपर दुरुस्तीला जाताना गॅरेजवाल्याने पाटी काढली तर नवे स्नॅप लॉक अधिकृत पुरवठादाराकडूनच बसवून घ्यावे लागतात. साधे स्क्रू मारून काम भागवलेल्या गाड्या नाक्यावर लगेच ओळखू येतात.

आणि एवढा खर्च करून लोक मग काय करतात? पाटीवर काळसर ॲक्रिलिक चढवतात, ब्रासची फ्रेम लावतात, तिची कड नेमकी होलोग्रामवर येते. किंवा एचएसआरपी कपाटात आणि गाडीवर रेडियमवाल्याकडची ‘दादा’ पाटी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे, पाटी जप्त होते ती वेगळीच. ‘अध्यक्ष’, ‘पोलीस’, जातीचं नाव, देवाचं नाव, काहीही पाटीच्या चौकटीत नको.

१ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीवर जुना आकर्षक नंबर असेल तर नंबर तोच राहतो, पाटी बदलते. दर दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून तुमच्या कार्यालयासाठी नेमलेल्या पुरवठादाराकडेच वेळ घ्या. जुन्या पुस्तकी आरसीवाल्यांचा अर्ज ‘माहिती सापडली नाही’ म्हणून अडतो. तेव्हा आधी आरटीओत बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून, घ्यावी लागते.

टप्पा ९: नंबर आल्यानंतरच्या आठवड्यात

फास्टॅग चॅसिस नंबरवर काढलेला असतो. त्यावर नवा वाहन क्रमांक ९० दिवसांत चढवा, नाहीतर टॅग बंद पडतो. विमा पॉलिसीवर क्रमांकाच्या जागी ‘न्यू’ छापलेलं असतं, तिथे एंडॉर्समेंट, म्हणजे विमा कंपनीकडून दुरुस्तीची नोंद, करून घ्या. पीयूसीची वेळ येईल तेव्हा पूर्ण चार आकडे टाकले आहेत ना पाहा. ०००७ऐवजी नुसता ७ टाकला की नोंद जुळत नाही.

ई-चलान दर महिन्याला एकदा उघडून पाहा. ०००७ किंवा ९९९९ असे नंबर खोट्या पाट्यांवर वापरायला लोकांना सोपे पडतात. न केलेल्या गुन्ह्याचं चलान आलं तर फोटोतली गाडी, रंग, मॉडेल आणि होलोग्राम पाहून त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, सोबत टिपून ठेवलेले लेझर क्रमांक द्या.